चाळीस सेंटिमीटरचा प्रश्न
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात मोटारीवर लिहावे, हे आमच्या काही सरांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. परंतु गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, आमच्या मामांच्या घरी आठ दिवस दुसरा विषयच नव्हता. आणि पुस्तकात पाठ केलेल्या दोन-तीन गोष्टी मी त्या आठ दिवसांत प्रथमच डोळ्यांनी पाहिल्या. म्हणून हा खटाटोप. ज्यांना यंत्रात गोडी नाही त्यांनी तो भाग भरभर वाचावा. अगदी गाळू मात्र नये, कारण सारा गुंता तिथेच आहे.

मामांचा भोसरीला सुटे भाग बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. २०१७ साली त्यांनी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घेतली. लांबून पाहिले तर चारचौघांसारखी कुटुंबवत्सल गाडी. बॉनेटखाली मात्र दोन लिटरचे, २३० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन. कोट घातलेला पैलवानच म्हणा ना. शोरूमची किंमत तेव्हा २४ लाख ६२ हजार होती आणि गाडीची जुळणी आपल्याकडेच, औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यात होत असे. या गाडीतून मामांची मुले शाळेत गेली, वाईजवळच्या आमच्या गावाहून तांदळाची पोती पुण्याला गेली, आणि मामीच्या भावाच्या लग्नात नवरदेवही मिरवला.

मामांच्या मनातली गाडी मात्र मुळात ही नव्हती. त्यांच्या मनात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय. तिचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो आपल्या शाखेलाही जवळचा आहे. १९७५ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांनी प्रथम पाहिली आणि १९७६ मध्ये ती विक्रीला आली. साध्या घरगुती छोट्या गाडीत ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवायचे, ही कल्पना. कंपनीने धरल्या होत्या ५,००० गाड्या. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. तिच्या आसनांचे चौकड्यांचे कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फचा चेंडू या दोन्ही गोष्टी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंनी सुचवलेल्या. बाई मूळच्या चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करणाऱ्या. पन्नास वर्षे झाली, ते चौकड्यांचे कापड अजून चालू आहे. कलावंताचे काम इंजिनपेक्षा जास्त टिकते असे म्हणायला येथे जागा आहे; पण असो.

आपल्याकडे फोक्सवॅगनने २०१६ साली पोलो जीटीआय मोजक्याच संख्येने आणली होती. तिला दारे दोन आणि मागचे एक, अशी तीन. मामांची मुले तेव्हा लहान. पुढचे आसन दुमडून पोरांना मागे कोंबायचे, ही कल्पना मामीने एका वाक्यात निकालात काढली. वर्षभराने आरएस आली ती तडजोड म्हणून. खरी गोल्फ जीटीआय भारतात आली मे २०२५ मध्ये. संपूर्ण तयार होऊन परदेशातून आलेली, किंमत सुमारे ५३ लाख, पहिल्या खेपेच्या १५० गाड्या. मामांनी नाव नोंदवले नव्हते. परंतु सप्टेंबरात त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा परदेशी जायचा बेत ठरला आणि त्यांची फारशी न फिरलेली जीटीआय विकायला निघाली. "आठ दिवसांत सांगा," असा निरोप आला.

मामांचे म्हणणे सरळ होते. "मोठा वसतिगृहात गेला, धाकटी पुढच्या वर्षी जाईल. आता मागची सीट हवी कुणाला? पन्नाशी झाली माझी. आता नाही घेतली तर साठीला घेऊन काय करू?"

यावर मामी काही बोलली नाही. तिने फक्त कोपऱ्यातल्या चाकांच्या खुर्चीकडे पाहिले. आजीच्या गुडघ्याचे दुखणे गेल्या वर्षापासून इतके वाढले की चार पावलांपलीकडे तिला खुर्ची लागते. दर पंधरवड्याला मामा तिला गावाहून पुण्याच्या डॉक्टरांकडे नेतात. मुले मोठी झाल्याने मोकळी झालेली जागा अशी आईने भरून काढली होती. मधली मोकळीक जेमतेम दीड वर्षाची.

मामांनी त्या गृहस्थांना विनंती केली आणि रविवारी दोन्ही गाड्या वाईला आणल्या. पसरणीच्या घाटात दोन्ही चालवून पाहायच्या असे ठरले. मला न्यायचे कारण, मागच्या आसनावर बसायला कोणीतरी हवे होते.

आता यंत्राचा भाग. मला वाटले होते, एक गाडी वेगवान आणि दुसरी सावकाश, असा काही प्रकार असेल. तसे मुळीच नाही. दोन्ही कंपन्या एकाच जर्मन घरातल्या. चाके, इंजिन, स्टिअरिंग ज्या सांगाड्यावर बसतात त्याची मूळ रचनाही एकच. इंजिन एकाच कुळातले, दोन लिटरचे. जीटीआयचे २६५ अश्वशक्तीचे, मामांचे २३०. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरला पोचायला कंपनीच्या आकड्यांप्रमाणे जीटीआयला ५.९ सेकंद लागतात, २०१७ च्या आरएसला ६.८. फरक एका सेकंदाहूनही कमी. एवढ्या अवधीत आमची आजी "आरं, जपून" हेसुद्धा पुरते म्हणू शकत नाही. आणि एक्सप्रेसवेवर सपाटीलाच १०० ची मर्यादा आहे. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आम्ही आंब्यांच्या उदाहरणाने शिकलो. तो घोड्यांनाही लागू पडतो. पहिले शंभर घोडे गाडी घाटावर चढवतात, पुढचे शंभर ट्रक ओलांडायला उपयोगी पडतात. शेवटचे पस्तीस बहुधा तबेल्यातच उभे असतात.

मग फरक कशात? मामांनी टेप लावून दाखवला. आरएसची लांबी ४.६९ मीटर, जीटीआयची ४.२९. बरोबर चाळीस सेंटिमीटर. परंतु पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर पाहावे तर ते फक्त पाचएक सेंटिमीटरनेच कमी आहे. म्हणजे चाळीसातले बहुतेक सेंटिमीटर गेले ते मागच्या चाकापलीकडचे, शेपटीतले. शेपटी म्हणजे डिकी. आरएसची डिकी ५९० लिटरची, जीटीआयची ३७४ लिटरची. (आरएसची मागची काचही डिकीच्या झाकणाबरोबर वर उचलली जाते. "मग ही पण हॅचबॅकच झाली की," असे मामी म्हणाली, आणि ते बरोबरच आहे. फक्त शेपटी लांब असल्याने तिला तसे कोणी म्हणत नाही.)

ही शेपटी गेल्याने काय मिळते ते घाटात कळले. सकाळी सर येऊन गेली होती, वळणांवर रस्ता ओला होता. मामांनी आधी आरएस चढवली. उलट्या वळणातून बाहेर पडताना त्यांनी पाय दाबला की आतले पुढचे चाक क्षणभर सरकल्यासारखे होई आणि गाडी बाहेरच्या कडेकडे ओढ घेई. मग तेच वळण जीटीआयने घेतले. तिचे नाक जणू कोणी दोरी लावून आत ओढले.

याचे कारण मामांनी मळणीच्या बैलांवरून समजावले. खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरतात तेव्हा आतला बैल थोडे चालतो, बाहेरचा पुष्कळ. गाडीचे वळणही तसेच; बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते. म्हणून दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जखडता येत नाहीत, मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी ठेवावी लागते. तिच्यात एक खोड आहे. ज्या चाकाला पकड नाही, ते निसरड्यावर नुसते गरगरते आणि सगळे बळ तिकडेच वाया जाते. वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो, आतले हलके होते. म्हणजे खोड नेमकी तिथे उमटते. मामांच्या आरएसमध्ये यावर उपाय ब्रेकचा. आतले चाक गरगरू लागले की गाडी आपण होऊन त्याला किंचित ब्रेक लावते. वांड बैलाला वेसण ओढून आवरावे तसे. जीटीआयमध्ये वेसण नाही. तिथे क्लचच्या तबकड्या आहेत. त्या विजेच्या हुकमावर आवळल्या जातात आणि बळ बाहेरच्या, पकड असलेल्या चाकाकडे वळवतात. एकात चुकणाऱ्याला शिक्षा, दुसऱ्यात काम करणाऱ्याला जास्त काम. आमच्या वर्गात दुसरीच पद्धत चालते, पण घाटात ती फारच शोभून दिसली.

मामांचा चेहरा त्या चढणीवर मी आरशात पाहिला. असा चेहरा मी त्यांच्या कारखान्यात कधी पाहिला नव्हता. एवढे मला लिहिलेच पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशेब दुसऱ्या बाजूचा आहे आणि तो वाचताना ही बाजू हलकी वाटेल. ती हलकी नव्हती.

मागच्या आसनावर माझे गुडघे मात्र पुढच्या पाठीला टेकत होते. शिवाय टायर. आरएसला १७ इंची चाके, टायर २२५/४५. जीटीआयला १८ इंची, २२५/४०. यातला दुसरा आकडा शेकडेवारीचा आहे. टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, तिच्या ४५ टक्के म्हणजे १०१ मिलिमीटर ही रबराच्या भिंतीची उंची. ४० टक्क्यांनी ती ९० होते. भिंत जितकी बुटकी तितकी गाडी वळणात ताठ राहते, आणि खड्डा तितका सरळ आत येतो. घाटात जो गुण, तोच गावच्या रस्त्यावर अवगुण.

घाट उतरून गावी आलो. मामांनी खुर्ची दुमडली आणि जीटीआयच्या डिकीत ठेवली. आडवी ठेवली तर झाकण लागेना. उभी ठेवली तर वरचा पडदा बसेना. शेवटी मागच्या आसनाचा एक भाग पाडला तेव्हा ती गेली. म्हणजे आजी पुढे, खुर्ची मागे, आणि उरलेल्या जागेत मामी किंवा मी. दोघी नाही. आजी बाजेवरून सगळे पाहत होती. ती म्हणाली, "माझ्यापायी थांबू नगंस. मला येष्टी हाय." खुर्चीवरचे माणूस एसटीत कसे चढणार, हे तिलाही ठाऊक होते आणि मामांनाही. मामा बराच वेळ डिकीचे झाकण पुसत राहिले.

रात्री पैशाचा हिशेब निघाला. जुनीचे येतील ते वजा जाता वरचे तीस लाख तरी घालावे लागणार होते. मामी म्हणाली, "अहो, गेल्या वर्षीच या गाडीवर एवढा खर्च केलाय, आता विकायची कशी?" मी माझे ज्ञान पाजळले. म्हटले, "मामी, त्याला बुडीत खर्च म्हणतात. झालेला खर्च निर्णयात धरायचा नसतो. गाडी ठेवा वा विका, तो काही परत येत नाही." मामी म्हणाली, "पुस्तकात नसेल येत. इथे ती गाडी आता नीट चालतेय, ते त्याच खर्चामुळे ना?" नंतर सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, दोघींचेही बरोबर आहे, गेलेला पैसा धरायचा नाही, पण त्याने पुढे मिळणारी सेवा धरायची. हे परीक्षेत आले असते तर माझे दोन गुण गेले असते.

संधी खर्च मामांनी स्वतःच काढला, त्याला पुस्तक लागले नाही. "तीस लाखांत एक चांगलं सीएनसी मशीन येतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण मशीन काय, कधीही घेता येईल." मग गप्प झाले. जीटीआयही कधीतरी पुन्हा घेता येईल. घाटातला तो आनंद साठीला कदाचित पन्नाशीइतका नसेल, पण काहीतरी असेलच. आजीचे पंधरवडे मात्र पुढे ढकलता येण्यासारखे नव्हते. हे कोणी बोलून दाखवले नाही.

मी त्यांना विचारले, "मामा, तुम्हाला खरंच गाडी बदलायची आहे, की घाटात ती वळणं घ्यायची आहेत?" कारण माझ्या मते त्यांची आरएस जुनी झाली नव्हती, तिचे टायर झाले होते. ओल्या रस्त्यावर चाक सरकण्यात डिफरन्शियलचा वाटा किती आणि झिजलेल्या रबराचा किती, हे एका रविवारात कळणे शक्य नव्हते. निदान माझ्यासारखीला तरी नव्हते. मामांनी उत्तर दिले नाही. पण सोमवारी त्यांनी त्या गृहस्थांना फोन करून नकार कळवला आणि बुधवारी आरएसला चार नवे टायर घातले.

पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, स्कोडाने नवी ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. २६५ अश्वशक्ती, जीटीआयइतकीच. डिकी ६०० लिटरची. किंमत ४९ लाख ९९ हजार. गाड्या अवघ्या १०० आणि किंमत जाहीर होण्याआधीच सगळ्यांची नोंदणी संपलेली. मामांचा मला फोन आला. "वाचलंस का?" एवढेच म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग म्हणाले, "शनिवारी आजीला न्यायला येतोय. पसरणीनं जाऊन येऊ आधी. तू पुढे बस. लायसन काढलंयस ना?"