अक्षर आणि त्याचा आकार

पुण्यात टंकलिखित झालेला मराठी अर्ज इंदूरच्या संगणकावर उघडावा आणि पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक गर्दी दिसावी, हा प्रकार आपणांपैकी अनेकांस परिचित असेल. मजकूर तर नष्ट झालेला नसतो. मग तो वाचता का येत नाही?

छापखान्यात जुळाऱ्यापाशी खिळे असत. फॉन्ट म्हणजे संगणकाच्या खिळ्यांची पेटीच होय. लेखनाच्या फाइलीत सामान्यतः हे खिळे नसतात. अक्षरांचे क्रमांक आणि फॉन्टचे नाव एवढेच असते. जुन्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट जवळ नसला की, संगणक त्या क्रमांकांची मूळ रोमन अक्षरे दाखवितो.

यावर उपाय म्हणून फॉन्टच फाइलीत समाविष्ट करण्याची सोय वर्डसारख्या प्रणालींत आहे. परंतु तिला मर्यादा आहेत. फॉन्टचा निर्माता अशी खूण ठेवू शकतो की, समावेश मुळीच करू नये, किंवा केवळ वाचनापुरता व छपाईपुरता करावा. शिवाय फाइलीचा आकार वाढतो. तो आटोक्यात राहावा म्हणून वापरलेलीच अक्षरे घातली, तर पलीकडील माणसास दुरुस्ती करताना नवे अक्षर मिळत नाही. आणि प्रत्येक प्रणाली समाविष्ट फॉन्टची दखल घेतेच, असेही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या उपायाने आकार पोहोचतो, अक्षराची ओळख पोहोचत नाही. डोळ्यांना 'पाटील' दिसले, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच राहतात. नावावरून शोध घेतल्यास अर्ज सापडत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग राखला. त्यात आपला 'ळ' आहे, तसेच 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद राखणारा 'ऱ'ही आहे. असा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडल्यास 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदी पद्धतीचे दिसेल, पाने मागेपुढे होतील. पण शब्द बदलणार नाहीत.

तेव्हा मूळ लेखन युनिकोडमध्ये करावे, आणि रूप तंतोतंत हवे तेथे सोबत पीडीएफ प्रत द्यावी. जुने दस्तऐवज मात्र त्यांचे फॉन्ट हाताशी आहेत तोवरच युनिकोडमध्ये आणून, मूळ छापील प्रतीशी ताडून ठेवावेत. निवृत्तिवेतनाचा किंवा वारसाहक्काचा निर्णय पुष्कळदा अशाच एखाद्या जुन्या कागदावरील नावावर अवलंबून असतो.