दुरुस्त्यांचे गाठोडे

घर बांधून पूर्ण झाले म्हणजे गवंडी आपली थापी आणि ओळंबा घेऊन निघून जातो. संगणकाच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणारी, फाइली जपून ठेवणारी आणि इतर सर्व प्रोग्रॅमना कामाला लावणारी जी मूळ आज्ञावली संगणकात असते, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. ती लक्षावधी ओळींची असते आणि शेकडो माणसांनी मिळून लिहिलेली असते. एवढ्या मोठ्या लेखनात चुका राहून जाणे अपरिहार्यच होय. त्यांतील काही चुका निरुपद्रवी असतात; काही मात्र दाराची कडी सैल राहावी तशा असतात. अशी चूक ध्यानात आली, की कार्यप्रणाली तयार करणारी कंपनी तेवढ्या भागापुरती नवी आज्ञावली लिहून सर्वांना उपलब्ध करून देते. इंग्रजीत तिला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ असेच नाव आहे.

मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि जगभरच्या घरांत, शाळांत व कचेऱ्यांत पसरली. १६ जुलै २००३ रोजी कंपनीने तिच्यातील एका गंभीर उणिवेवर ठिगळ प्रसिद्ध केले. दुसऱ्या संगणकाकडून येणाऱ्या विनंत्या स्वीकारणाऱ्या भागात ती उणीव होती. तिचा फायदा घेऊन कोणीही परका माणूस आपल्या संगणकात त्याला हव्या त्या आज्ञा चालवू शकत होता. ठिगळ विनामूल्य होते. तरीही असंख्य लोकांनी ते लावून घेतले नाही. मग ११ ऑगस्ट रोजी, म्हणजे अवघ्या २६ दिवसांनी, ‘ब्लास्टर’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम नेमका त्याच फटीतून संगणकांत शिरू लागला. असे प्रोग्रॅम एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप सरपटत जातात, म्हणून त्यांना ‘वर्म’ म्हणजे कृमी म्हणतात. बाधा झालेल्या कित्येक संगणकांच्या पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसे आणि ती संपताच संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. शिवाय १६ ऑगस्टपासून सर्व बाधित संगणकांनी मिळून ठिगळे मिळण्याच्या पत्त्यावरच हल्ला करावा, अशीही योजना त्या कृमीत केलेली होती. मायक्रोसॉफ्टने तो पत्ताच बंद केला, तेव्हा तो बेत फसला.

यावर कोणी म्हणेल, की ज्याने त्याने ठिगळ वेळेवर लावून घ्यावे म्हणजे झाले. परंतु त्या काळी ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. एखाद्याने जुन्या सीडीवरून आपल्या संगणकात विंडोज एक्सपी नव्याने बसवली, अशी कल्पना करा. त्या सीडीवर २००१ सालची कार्यप्रणाली आहे. अर्थात नंतरचे एकही ठिगळ तिच्यात नाही. ठिगळे आणण्यासाठी संगणक इंटरनेटला जोडणे भाग आहे. पण २००४ साली तज्ज्ञांनी असे मोजून पाहिले होते, की ठिगळे न लावलेला विंडोज संगणक इंटरनेटला जोडला, तर सरासरी सुमारे वीस मिनिटांतच त्याच्यावर हल्ला होत असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक्सपीसाठी निघालेला ‘सर्व्हिस पॅक २’ हा मोठा दुरुस्तीसंच त्याच्या संपूर्ण स्वरूपात सुमारे २६६ मेगाबाइटांचा होता. दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या त्या काळच्या मोडेमचा वेग सेकंदाला फार तर ५६ किलोबिट असे. गणित करून पाहा: तार एकदाही तुटली नाही असे धरले, तरी हा संच उतरवून घ्यायला दहा-अकरा तास लागतील! दुरुस्तीला लागणार अकरा तास आणि शत्रू येणार वीस मिनिटांत.

या पेचातून गाठोड्याची कल्पना पुढे आली. वेगवान इंटरनेट असलेल्या एखाद्याने सर्व ठिगळे आधीच गोळा करावीत, ती एका सीडीवर भरावीत, सोबत ती एकामागून एक लावणारे एक लहानसे साधन द्यावे, आणि संगणक इंटरनेटला जोडण्यापूर्वीच त्याला ही सर्व तटबंदी करून द्यावी. कल्पना उत्तम खरीच. परंतु गाठोडे बांधायला बसले, की एक कठीण प्रश्न समोर उभा राहतो: त्यात काय घ्यायचे?

सगळेच घ्यावे, असे प्रथम मनात येते. पण दोन-तीन वर्षांत निघालेली सर्व ठिगळे एकत्र केली, तर त्यांतील पुष्कळशी निरर्थक झालेली असतात. जानेवारीत एका फाइलीची दुरुस्ती निघाली आणि मे महिन्यात त्याच फाइलीची अधिक चांगली दुरुस्ती निघाली, तर जानेवारीचे ठिगळ घेऊन उपयोग काय? उलट एखाद्या अडाणी साधनाने मे महिन्याच्या ठिगळावर जानेवारीचे चढवले, तर बुजलेली फट पुन्हा उघडी पडण्याची भीती. म्हणून गाठोडे बांधणाऱ्याला प्रत्येक ठिगळाची वंशावळच ठाऊक असावी लागते. याने कोणाची जागा घेतली आणि याची जागा पुढे कोणी घेतली, हे त्याला पाहावे लागते. क्रमाचेही असेच आहे. २००८ साली निघालेला एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ मूळ एक्सपीवर बसतच नसे. आधी पहिला किंवा दुसरा संच बसवलेला असणे आवश्यक होते. जोत्यावाचून भिंत नाही, तसेच हे. भाषेचाही भेद असे. इंग्रजी एक्सपीचे ठिगळ जर्मन एक्सपीला चालत नसे, त्यामुळे सर्व भाषांची ठिगळे घेतली तर गाठोडे सीडीत मावत नाही, आणि एकच भाषा घेतली तर बाकीचे वाचक रिकाम्या हाताने परत जातात. प्रत्येक जातीच्या यंत्रभागासाठी लागणारे ‘ड्रायव्हर’ नावाचे प्रोग्रॅम तर बाहेर ठेवणेच शहाणपणाचे, कारण ते ज्याच्या-त्याच्या यंत्रावर अवलंबून असतात.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. जे ठिगळ एक रोग बरा करते पण दुसरी कळ लावते, त्याचे काय करावे? सर्व्हिस पॅक २ चेच उदाहरण घेऊ. बाहेरून येणारी अनाहूत वाहतूक अडवणारी ‘फायरवॉल’ ही भिंत एक्सपीत प्रारंभापासून होती, परंतु ती निजलेल्या पहारेकऱ्यासारखी बंद असे. सर्व्हिस पॅक २ ने ती सर्वत्र आपोआप सुरू केली. ब्लास्टरसारख्या कृमींना त्यामुळे मोठा आळा बसला. पण जे प्रोग्रॅम बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट पाहत बसत, त्यांतले काही याच भिंतीमुळे अडले. मोठ्या कचेऱ्यांना आपले प्रोग्रॅम तपासून पाहता यावेत, म्हणून हा संच काही महिने रोखून धरण्याची सोय मायक्रोसॉफ्टला करून द्यावी लागली. माझ्या मते असला संच गाठोड्यात घ्यावाच. मात्र तो लावण्यापूर्वी काय बदलणार आहे हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि नको असल्यास वगळण्याची मुभा ठेवावी.

वगळण्याची मुभा ही किरकोळ बाब नव्हे. त्याच ऑगस्ट २००३ मध्ये ‘वेल्चिया’ नावाचा आणखी एक कृमी पसरला. तो संगणकात शिरून ब्लास्टरला काढून टाकी आणि मायक्रोसॉफ्टचे ठिगळ आणून लावू पाही! हेतू पाहिला तर उपकाराचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या धावपळीने ठिकठिकाणची संगणक-जाळी तुंबून गेली. मालकाला न विचारता त्याच्या घरात शिरून केलेली दुरुस्ती ही अशी असते.

चतुर मंडळींना गाठोड्यात आणखीही एक मोह होतो. माणूस दुरुस्ती घ्यायला आलाच आहे, तर आपली एखादी नवी वस्तूही हळूच त्याच्या पदरात टाकावी, असा तो मोह. मार्च २००८ मध्ये ॲपल या कंपनीने असेच केले. विंडोजवर आयट्यून्स हा तिचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या संगणकांत दुरुस्त्या आणणारे तिचे एक साधन असे. त्या साधनाने सफारी हा ब्राउझर अशा लोकांपुढेही ठेवला, ज्यांच्याकडे तो पूर्वी कधीच नव्हता. आणि त्याच्यापुढच्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. घाईने बटण दाबणाऱ्याच्या संगणकात सफारी जाऊन बसे. फायरफॉक्स हा ब्राउझर तयार करणाऱ्या मोझिलाच्या प्रमुखांनी यावर उघड टीका केली. दुरुस्त्यांवरचा लोकांचा विश्वास अशाने उडतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते प्रतिस्पर्धीच होते, हे खरे. तथापि बोलले ते योग्य बोलले. पुढच्याच महिन्यात ॲपलने आपल्या साधनात ‘दुरुस्त्या’ आणि ‘नवे प्रोग्रॅम’ असे दोन वेगळे भाग केले. मायक्रोसॉफ्टवरही २००६ साली असाच आक्षेप आला होता. विंडोजची प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणारा प्रोग्रॅम तिने अत्यावश्यक दुरुस्त्यांच्या मार्गाने धाडला होता. त्याने कोणती फट बुजत होती?

गाठोडे शिळे होते, हीदेखील मोठीच अडचण. फेब्रुवारी २००४ मध्ये स्वतः मायक्रोसॉफ्टने ठिगळांची एक सीडी मोफत वाटली, परंतु तिच्यात ऑक्टोबर २००३ पर्यंतचीच ठिगळे होती. सीडी हाती पडली तेव्हाच ती काही महिन्यांनी मागे होती. सुदैवाने त्याच ऑक्टोबरपासून कंपनीने ठिगळांसाठी महिन्याचा दुसरा मंगळवार नेमला. (आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते.) त्यामुळे गाठोडी बांधणाऱ्या हौशी मंडळींनाही एक ताल मिळाला, आणि दर महिन्याला नवे गाठोडे निघू लागले.

या हौशी गाठोड्यांपैकी ‘ऑटोपॅचर’ हे एक पुष्कळ लोकप्रिय होते. त्यात महत्त्वाची ठिगळे, ऐच्छिक वस्तू आणि इतर उपयुक्त जोड असे सर्व काही यादी करून मांडलेले असे, आणि वापरणाऱ्याने त्यातून निवड करायची असे. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या कर्त्यांना वाटप थांबवण्यास सांगितले. ठिगळे कंपनीच्या अधिकृत भांडारातूनच घेतली जावीत, म्हणजे त्यांत दुसऱ्या कोणी काही मिसळल्याचा धोका राहणार नाही, असे तिचे म्हणणे होते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. प्रत्येक ठिगळावर कंपनीची संगणकीय सही असते, परंतु ती तपासून पाहणारे किती? पण ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट नव्हते, त्यांचा आधार यामुळे गेला, हेही तितकेच खरे. कर्त्यांनी काही काळाने साधनाची रचनाच बदलली. आता त्यात ठिगळे नसत, केवळ त्यांची यादी असे; त्या यादीप्रमाणे वापरणाऱ्याचा संगणक एकेक ठिगळ मायक्रोसॉफ्टच्या भांडारातून स्वतः आणी आणि साठवून ठेवी. ते साठवण मग सीडीवर भरून इंटरनेट नसलेल्या दुसऱ्या संगणकापर्यंत नेता येई. यादीत काय घ्यायचे, हा प्रश्न मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांच्यापुढे पूर्वीसारखाच येत राहिला.