नवरदेवाला घेऊन व्हँकुव्हरला

माझं घर नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये, लिन व्हॅलीत, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. त्यामुळे ओळखीत कुणाचं लग्न ठरलं आणि मित्रांनी बॅचलर पार्टीसाठी कॅनडाचा हा पश्चिम किनारा निवडला, की पहिला फोन मला येतो. या खेपेला माझ्या मावसभावाची पाळी होती. तो सिएटलला नोकरीला, लग्न डिसेंबरात नाशिकला, आणि मित्र सिएटल, टोरंटो आणि पुणे अशा तीन दिशांनी येणार. केळवणं घरोघरी सुरू होणारच होती, त्याआधी मित्रांबरोबर तीन दिवस हवे होते. "दादा, डोंगर, समुद्र, कयाक, सगळं करायचंय. ऑक्टोबरात पाऊस नसेल असे तीन दिवस तेवढे सांग."

असे दिवस कुणालाच सांगता येत नाहीत, आणि ते शोधायची गरजही नाही. मी प्रत्येक गटाला हेच सांगतो की पाऊस आधी धरून चाला आणि मग बेत आखा. पावसामुळे इथे काय बिघडतं आणि काय उलट खुलतं हे एकदा कळलं, की तीन दिवस कसेही असोत, सहल वाया जात नाही.

मी मूळचा गुहागरचा, पावसात वाढलेला. तरी इथला पाऊस समजायला मला वेळ लागला. व्हँकुव्हरच्या विमानतळावर वर्षाला साधारण १,२०० मिलीमीटर पाऊस होतो, म्हणजे मुंबईच्या निम्माच. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि इथला वर्षातल्या दीडशेहून जास्त दिवसांत वाटलेला असतो. शिवाय ऋतू उलटे. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे, आणि ऑक्टोबर ते मार्च झिमझिम. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा शहराच्या उत्तरेच्या डोंगरांवर आदळते, वर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते. म्हणून विमानतळावर भुरभुर असते तेव्हा आमच्या अंगणात चांगली सर चालू असते. डोंगराच्या या बाजूला वर्षाचा पाऊस विमानतळाच्या दुपटीच्या घरात जातो. विमानतळाचा अंदाज बघून डोंगरावर निघू नका, असं मी सांगतो ते यासाठी.

कधी कधी मात्र हा पाऊस झिमझिम राहत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये इतका कोसळला की पूर आणि दरडींनी महामार्ग तुटले आणि व्हँकुव्हरचा उरलेल्या कॅनडाशी रस्त्याने असलेला संबंधच काही काळ संपला. नोव्हेंबरात येणाऱ्यांनी म्हणूनच रद्द करता येतील अशीच बुकिंग करावीत. कोरडं हवं तर जुलै-ऑगस्ट, पण तेव्हा हॉटेलं महाग, गर्दी भरपूर आणि काही वर्षी वणव्यांचा धूर. मला विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. मेपलची पानं पिवळी-लाल झालेली असतात, कॅपिलानो नदीत सामन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढत असतात. फक्त ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, आणि दाट झाडीत त्याच्या बरंच आधी अंधारून येतं, हे लक्षात ठेवायचं.

पण हवामानाच्याही आधी कागदपत्रं. सिएटलहून व्हँकुव्हर गाडीने अडीच-तीन तासांवर, आगगाडीने चार तासांवर. त्यामुळे मुलांना वाटतं की शेजारच्या गावी जायचंय. मध्ये देशाची सीमा आहे. भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा एच-वन-बी असेल तर कॅनडाचा व्हिजा वेगळा काढावाच लागतो. ग्रीनकार्डवाल्यांना तो लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. मित्रांपैकी कोण कशावर आहे याची यादी तारीख ठरवण्याआधी करा. आणि एक प्रश्न थोडा अवघड असला तरी विचाराच: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कुणाला कधी शिक्षा झाली आहे का? कॅनडात डिसेंबर २०१८ पासून हा गंभीर गुन्ह्यांत धरला जातो, आणि तशी नोंद असलेल्या परदेशी माणसाला सीमेवरून परत पाठवू शकतात. हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नये. एकेकाला वेगळा फोन करावा.

राहायचं कुठे, तर "एखादं मोठं घर घेऊन टाकू" हे पहिल्यांदा सुचतं. मे २०२४ पासून ब्रिटिश कोलंबियात बहुतेक शहरांत माणूस स्वतः राहतो तेच घर, फार तर त्याच्या आवारातलं आणखी एक, थोड्या दिवसांसाठी भाड्याने देता येतं. व्हँकुव्हर त्यात आलं. म्हणून स्वस्तातलं आख्खं घर दिसलं तर त्याच्या परवान्याचा नंबर आधी बघा. मावसभावाच्या मित्रांना मी वेस्ट एंड भागातल्या हॉटेलात दोन जोडून खोल्या घ्यायला लावल्या. तिथून स्टॅनली पार्क पायी, समुद्र पायी, जेवायच्या जागा पायी. गाडी एकाच दिवसापुरती घेतली की पार्किंगचे पैसे वाचतात. खोली घेताना हीटर कुठे आहे आणि ओले कपडे टांगायला जागा आहे का, तेवढं विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. इथे करण्यासारखं जे काही आहे ते मी तीन भागांत बघतो: झाडीतलं, पाण्यावरचं आणि खडकावरचं. पाऊस या तिघांशी वेगवेगळा वागतो.

झाडीत पाऊस चालतो. किंबहुना मला तिथे पाऊसच आवडतो. लिन कॅनियन माझ्या घरापासून चालत आहे. डग्लस फर आणि सीडरचे उंच वृक्ष, खोडांवर शेवाळाचे जाड थर, आणि पाऊस पडला की ते शेवाळ आतून दिवा लावल्यासारखं हिरवं होतं. वरच्या फांद्यांमुळे सर खाली येईपर्यंत मऊ होते. ओढ्यावर पन्नास मीटर उंचीवर झुलता पूल आहे, १९१२ पासूनचा, आणि त्याला तिकीट नाही. कॅपिलानोचा पूल जास्त प्रसिद्ध. तो १८८९ चा, १४० मीटर लांब आणि ७० मीटर उंच, पण तिकीट जबर आणि पर्यटकांची रांग. आईवडील आले असतील तर मी कॅपिलानोला नेतो. तरुण मुलांना लिन कॅनियन. मात्र तिथल्या डोहांत कड्यावरून उड्या मारायच्या नाहीत म्हणजे नाहीत. पाणी बर्फासारखं गार असतं, पावसात ओढा बघता बघता फुगतो आणि तळाचे खडक दिसत नाहीत. या डोहांनी तरुण मुलांचे जीव घेतले आहेत. नवरदेवाला "मार उडी" म्हणून चढवणारा एक तरी मित्र प्रत्येक गटात असतो. त्याच्याशी मी आदल्या रात्री बोलतो.

स्टॅनली पार्कच्या कडेने समुद्राला लागून जी वाट जाते तीही पावसात छान. पार्क १८८८ मध्ये खुलं झालं, आकार चारशे हेक्टरांच्या आसपास, आणि कडेची दगडी भिंत बांधून फेरी पुरी व्हायला १९८० उजाडलं. डेनमन स्ट्रीटवर भाड्याने सायकली मिळतात. हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे आणि सायकली घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच जातात. थांबत थांबत नऊ-दहा किलोमीटरची फेरी दीड-दोन तासांत होते. सुरुवातीलाच कोल हार्बरला उतरून कोमागाटा मारूचं स्मारक बघा. १९१४ मध्ये या खाडीत ३७६ भारतीय प्रवासी घेऊन आलेलं जहाज दोन महिने अडवून ठेवलं आणि मोजके लोक सोडून सगळ्यांना परत पाठवलं. त्याच सुमाराच्या वर्षांत सीमेपलीकडे ऑरेगनमध्ये शेतकी शिकायला आलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळ उभी करत होते. आमची मुलं तिथे बराच वेळ पाटी वाचत उभी राहिली. व्हिजाची यादी नुकतीच करून आलेल्यांना त्यातलं काही वेगळं सांगावं लागलं नाही.

पाण्यावर पावसाचं भय नाही, वाऱ्याचं आहे. डीप कोव्हहून कयाक घेऊन इंडियन आर्म या लांब, डोंगरांनी वेढलेल्या खाडीत शिरायचं. कयाकमध्ये तसंही भिजायचंच असतं. पावसाळी सकाळी पाणी बऱ्याचदा संथ असतं आणि ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेले असतात. पण वारा सुटला तर दुकानदार सांगेल ते ऐकून परत फिरायचं. पुण्याच्या दोघांना पोहता येत नव्हतं. त्यांना दोन माणसांच्या कयाकमध्ये एकेका सराईत मित्राबरोबर बसवलं, लाइफ जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून बघितले. पट्टा खांद्याशी वर खेचल्यावर जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पाणी बाराही महिने गार असतं, आणि अचानक गार पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच ताब्यात राहत नाही. म्हणून पोहणाऱ्यालाही जॅकेट, आणि बिअर परत आल्यावरच.

खडकावर मात्र पाऊस नको. ग्राऊस ग्राइंड ही इथली नामांकित चढण. अडीच किलोमीटरांत आठशे मीटर उंची, २,८३० पायऱ्या, दगड आणि लाकडाच्या. सिंहगड नेहमी चढणाऱ्यांनाही घाम फोडते. वाट फक्त वर जायला, उतरायचं तिकीट काढून गोंडोलाने, आणि हिवाळ्यात ती बंद असते. ओल्या पायऱ्यांवर मी कुणाला नेत नाही. तसाच स्क्वामिशचा चीफ, सातशे मीटरांचा ग्रॅनाइटचा सुळका. भिजला की निसरडा, आणि माथ्यावर ढग असतील तर दिसतही काही नाही. त्याऐवजी त्याच्याच शेजारी शॅनन फॉल्स. ३३५ मीटरवरून येणारा हा धबधबा पावसात दुप्पट गाजतो आणि पायथ्यापर्यंत दहा मिनिटांची चाल. स्क्वामिशला जाणाऱ्या सी टू स्काय रस्त्यावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. भाड्याच्या गाडीला ते आहेत ना, चावी घेतानाच बघा.

म्हणून तीन दिवसांसाठी पक्की बुकिंग दोनच: राहणं आणि कयाक. बाकी सगळं आदल्या संध्याकाळी अंदाज बघून ठरवायचं. शनिवारी सकाळी उघडीप होती, मुलं ग्राइंड चढली. रविवारी धो धो, तर दुपारपर्यंत ग्रॅनव्हिल आयलंडच्या बाजारात. हा जुना कारखान्यांचा भाग, १९७९ मध्ये तिथे बाजार भरू लागला. छपराखाली मासे, चीज, बेकऱ्या, आणि खाडी ओलांडायला चिमुकल्या होड्या.

कपड्यांबद्दल मी कडक आहे. जीन्स आणि सुती टी-शर्ट डोंगरावर नाही. सूत भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत पॉलिस्टर किंवा लोकर, वर फ्लीस, सगळ्यावर खरोखर पाणी अडवणारं जाकीट. छत्री शहरात ठेवा. कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाठीवरच्या बॅगेत. रात्री बुटांतले पातळ तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि झोपण्याआधी एकदा बदलायचे. सकाळी बूट घालण्याजोगे होतात. हे मी गुहागरला आईकडून शिकलो.

डोंगरावर फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. कुठे जातोय आणि कधी परतणार हे खाली राहणाऱ्या माणसाला सांगून जायचं. या वेळी तो माणूस मी होतो. नॉर्थ शोअर रेस्क्यू हे १९६५ पासूनचं स्वयंसेवकांचं पथक, आणि ते सुटकेचे पैसे घेत नाही. त्यांचं हेलिकॉप्टर आमच्या घरावरून जातं तेव्हा मी काम थांबवून वर बघतो. आपापली नोकरी सांभाळून पावसात, अंधारात परक्याला शोधायला जाणारी ही माणसं आहेत. त्यांना उगाच बोलवावं लागू नये इतकी तयारी आपली असावी.

संध्याकाळचं फार अवघड नाही. पिण्याचं वय इथे १९. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल सापडलं तरी पोलीस जागेवरच गाडी चालवायला बंदी करतात, म्हणून संध्याकाळी चावी खोलीतच. स्कायट्रेन आहे, आणि डाउनटाउनहून नॉर्थ व्हँकुव्हरला सीबस बारा-पंधरा मिनिटांत आणून सोडते. उतरल्यावर लॉन्सडेलला चालत जाण्याजोग्या ब्रुअरी आहेत. डेनमन आणि रॉब्सन रस्त्यांवर जपानी खाणं उत्तम. गटात दोघं शाकाहारी आणि एक न पिणारा होता. जागा निवडताना आधी त्यांचं बघितलं, कारण पिणाऱ्यांना कुठेही मिळतं.

सहल लग्नाच्या निदान महिनाभर आधी करा. घोटा मुरगळला तर तेवढा वेळ लागतो, आणि सप्तपदी लंगडत नको. पैशांत खाण्यावर पाच टक्के कर, दारूवर त्याहून जास्त, आणि पंधरा ते वीस टक्के टिप धरून चाला. नवरदेवाचा वाटा बाकीच्यांनी वाटून घ्यायचा, आणि हे त्याला निघण्याआधीच सांगायचं. नाहीतर तो प्रत्येक बिलाला पाकीट काढतो आणि काउंटरवर ओढाताण होते.