दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या दोन्ही काठांवर रेड गमची झाडं आहेत. निलगिरीच्या कुळातला हा वृक्ष शेकडो वर्षं जगतो, आणि भर उन्हाळ्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना, अख्खी फांदी खाली टाकून देतो. त्याचं ओलं लाकूड पाण्यापेक्षा जड असतं. काठ खचून झाड नदीत आडवं झालं, की ते वाहून जात नाही. तळाशी बसतं, गाळात रुततं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतं. एखादी फांदी वर उठलेली असते, पाण्याच्या पातळीखाली वीतभर. मरेचं पाणी गढूळ, मातकट. वीतभर खाली काय आहे ते वरून दिसत नाही. या बुडालेल्या खोडांना आणि फांद्यांना तिकडे ‘स्नॅग’ म्हणतात.

याच नदीवर ऑस्ट्रेलियातले हजारो लोक डिसेंबर ते फेब्रुवारी वॉटर स्कीइंग करतात. मेलबर्नहून उत्तरेला दोन-सव्वादोनशे किलोमीटरवर एचुका आहे. तिथे नाताळच्या सुटीत तंबू, बोटी आणि ट्रेलर यांची जत्रा भरते, आणि आता त्या गर्दीत मेलबर्नमधली मराठी कुटुंबंही असतात. एकदा मुलांना स्कीची गोडी लागली, की भाड्याच्या बोटीवर भागत नाही आणि घरात चर्चा सुरू होते : कुठली बोट घ्यायची? काठावरचे जाणकार बहुधा एकच सल्ला देतात. लहानशी जेट बोट घ्या. तिला खाली पंखा नाही, दांडा नाही, सुकाणूचं पातं नाही. ओंडक्यात अडकणार काय?

सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. ओंडक्यावरून बोट निघून जाते हे खरं. तिच्या मागे, अठरा मीटर दोरीच्या टोकाला, ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने येणाऱ्या माणसाचं काय, हे त्यात आलेलं नाही.

नदीत इतकी लाकडं असताना ती कोणी काढत का नाही, असं वाटणं साहजिक आहे. काढली होती. 1853मध्ये विल्यम रँडेलची ‘मेरी अॅन’ आणि फ्रान्सिस कॅडेलची ‘लेडी ऑगस्टा’ या वाफेच्या बोटी मरेतून वर गेल्या आणि नदी व्यापाराचा रस्ता झाली. लोकर, धान्य, इमारती लाकूड सगळं चाकाच्या बोटींतून जायचं. त्या बोटींचे तळ ओंडक्यांनी फाटू लागले, म्हणून सरकारांनी नदी साफ करण्यासाठी खास बोटी बांधल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाची ‘इंडस्ट्री’ 1911ची, व्हिक्टोरियाची ‘मेलबर्न’ 1912ची. जाड साखळ्या आणि यारी लावून त्या खोडं उपसत. दोन्ही बोटी आजही शाबूत आहेत. एक रेनमार्कला, दुसरी मिल्डुराला. रेल्वे आल्यावर नदीवरचा व्यापार आटला, तरी पाणी जोरात वाहावं म्हणून ओंडके काढणं पुढेही चालू राहिलं.

मग मासे कमी झाल्याचं लक्षात आलं. मरे कॉड हा तिथला मोठा मासा. शंभर किलोच्या वर गेल्याची नोंद आहे. तो अंडी घालतो पोकळ खोडांत, राहतो खोडांच्या आडोशाला. घरच गेलं तर मासा राहणार कुठे? एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ह्यूम धरण ते यारावोंगा या पट्ट्यात चार हजारांहून जास्त ओंडके यंत्रांनी पुन्हा नदीत ठेवले गेले, आणि त्यानंतर तिथे कॉडची संख्या वाढली. न्यू साउथ वेल्सच्या मत्स्य कायद्यात तर नद्यांमधली मोठी लाकडं काढणं हा जलचरांना धोका निर्माण करणारा प्रकार म्हणून नोंदलेला आहे. शंभर वर्षं ज्या सरकारांनी खर्च करून लाकूड बाहेर काढलं, त्यांनीच खर्च करून ते परत घातलं. तेव्हा बोट घेणाऱ्याने हे आधीच मनाशी पक्कं करावं, की ओंडके राहणार आहेत. जमवून आपल्यालाच घ्यायचं आहे.

आता जेट बोटीकडे येऊ. तिचा जनक म्हणून बिल हॅमिल्टनचं नाव घेतात. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, मॅकेन्झी प्रदेशात, आयरिशमन क्रीक नावाचं त्याचं मेंढ्यांचं कुरण होतं. गडी हरहुन्नरी. 1930मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या शर्यतीत बेंटली पळवून जिंकलेला. पुढे माती हलवायची यंत्रं बनवायचा कारखाना काढलेला. त्याच्या घराजवळच्या नद्या उथळ, वेगवान, गोट्यांनी भरलेल्या. तिथे पंख्याची बोट चालवणं म्हणजे रोज नवा पंखा. 1950च्या दशकात त्याने एका अमेरिकन यंत्राची कल्पना घेतली, ज्यात पाणी ओढून तळाखालून जोराने सोडलं जायचं. बोट चालली, पण रडतखडत. मग त्याने पाणी सोडायचं तोंड तळाखालून काढून मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर आणलं. वेग एकदम दुपटीच्या वर गेला, आणि तळाखाली लोंबणारं काहीच उरलं नाही. 1960मध्ये त्याच्या मुलाने, जॉनने, कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध बोट वर नेली.

हॅमिल्टनच्या बोटींची भारताशीही गाठ पडलेली आहे. 1977मध्ये एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून निघाला आणि गंगेतून थेट हिमालयाकडे गेला. बोटींची नावं ‘गंगा’, ‘एअर इंडिया’ आणि ‘किवी’. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना थांबवलं. काठांवर दर्शनाला लोटलेल्या गर्दीचं वर्णन तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून अनेकांनी वाचलं असेल.

पण जेट बोट वाढली ती गोट्यांच्या नदीत, लाकडांच्या नव्हे. गोटा गुळगुळीत असतो, तळाला घासून जातो. ओंडक्याची फांदी मात्र भाल्यासारखी रोखलेली असू शकते, आणि ती तळात घुसते. न्यूझीलंडच्या नदीत पंपात खडी शिरते. मरेत शिरतात रेड गमच्या सालीच्या लांब पट्ट्या, पाला आणि काटक्या. म्हणून ‘न्यूझीलंडला चालते, मग इथे का नाही’ हा दुकानदाराचा युक्तिवाद ऐकून घ्यावा आणि पुढचे प्रश्न विचारावेत.

जेटचं यंत्र आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. किर्लोस्करवाडीचे पंप पाहत मोठा झालेला कुठलाही शेतकरी ते पाच मिनिटांत समजून घेईल. तळाला जाळी, जाळीतून पाणी आत, आत फिरणारा इम्पेलर, मागे निमुळतं तोंड. अमेरिकेत बर्कली आणि जकूझी यांचे जेट एके काळी गाजले, आणि या दोन्ही कंपन्या शेतीचे पंप बनवणाऱ्या. पंपाचं जे दुखणं, तेच जेटचं. इम्पेलर आणि भोवतीचं कडं यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट असावी लागते. वाळूने, खडीने ती वाढली, की पंप पाणी पकडत नाही. इंजिन किंचाळतं, बोट जागची हलत नाही. एकटा माणूस बसवून फेरी मारली तर हे कळतही नाही. कळतं ते खोल पाण्यात मागे माणूस दोरी धरून बसलेला असताना. तो उठतच नाही. वापरलेली बोट घेताना म्हणून आधी सीटचं कातडं पाहू नये. ट्रेलरखाली आडवं व्हावं, जाळीतून टॉर्च मारावा, इम्पेलरच्या कडा पाहाव्यात. चावल्यासारख्या दिसल्या तर किंमत पाडून मागावी किंवा सरळ घरी यावं.

बाजारात तीन जाती मिळतात. पहिली म्हणजे आउटबोर्ड इंजिनालाच खाली पंख्याऐवजी जेट लावलेली. ती स्वस्त पडते, पण साधारण तीस टक्के ताकद पंपातच जाते. कंपन्या हे लपवत नाहीत; 115 अश्वशक्तीचं इंजिन जेट लावल्यावर 80 म्हणून विकलं जातं. मासेमारीला ठीक, मोठ्या माणसाला स्कीवर उभं करायला नको.

दुसरी जात जेट स्कीच्या इंजिनावर चालणारी फायबरग्लासची सोळा ते एकोणीस फुटी बोट. यामाहाची 1.8 लिटर इंजिनाची एआर 190 किंवा रोटॅक्स इंजिनाची स्कॅरब 165 ही त्यातली ठळक नावं. हलक्या, चपळ, दिसायला देखण्या. मुलांना खूळ लावतात. पण पंपाचं तोंड लहान, दीडशे-एकशे साठ मिलिमीटरच्या आसपास. सालीची एक पट्टी अडकली तरी जोर जातो. रोटॅक्समध्ये इंजिन थंड करायला बंद नळ्यांतलं वेगळं पाणी फिरतं, यामाहात नदीचंच. मरेच्या गाळात मला पहिली रचना बरी वाटते.

तिसरी जात अॅल्युमिनियमची, गाडीच्या इंजिनावर आणि हॅमिल्टन 212सारख्या मोठ्या जेटवर चालणारी. दिसायला पत्र्याची पेटी. तिचा चार ते सहा मिलिमीटरचा तळ ओंडक्याला लागला तर पोचा येतो. फायबरग्लासला तडा जातो आणि तो तडा पाणी पिऊ लागतो. काही जण तळाला जाड, निसरड्या प्लास्टिकची चादर ठोकून घेतात, तेही शहाणपणाचं. पेट्रोल मात्र सढळ हाताने लागतं.

स्कीइंगच्या दृष्टीने जेटचे दोष वेगळेच आहेत, आणि विक्रेता ते सहसा आपण होऊन सांगत नाही. जेटला सुकाणूचं पातं नसतं. पाण्याचा झोत ज्या दिशेला फेकला जातो त्यावरच बोट वळते. झोत नाही तर वळण नाही. समोर ओंडका दिसल्यावर घाबरून थ्रॉटल सोडणं ही माणसाची उपजत प्रतिक्रिया, आणि जेटमध्ये नेमकी तीच घातक. बोट सरळ त्याच ओंडक्याकडे घसरत जाते. थोडा गॅस ठेवून वळायचं, हे हाताला मुरावं लागतं. काही नव्या बोटींत थ्रॉटल सोडल्यावरही वळायला मदत करणारी सोय आहे. ती असेल तर पैसे टाकावेत.

दुसरा दोष दोरी बांधायच्या जागेचा. स्पर्धेच्या स्की बोटीत दोरी बोटीच्या मध्यावरच्या खांबाला बांधतात, त्यामुळे स्कीअर बाजूला झुकला तरी बोट सरळ चालते. लहान जेट बोटीत कडी असते अगदी मागे. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस एका स्कीवर जोरात कापत गेला, की बोटीची शेपटी त्याच्याबरोबर ओढली जाते, आणि खाली पाती नसल्याने तिला धरून ठेवणारं काही नसतं. अरुंद नदीत, दोन्ही बाजूंना खोडं असताना, हे हातभर सरकणंही महागात पडतं. कुणी म्हणतं, तळाला लहान पाती लावून घ्या. मग जेट कशाला घेतली?

आणि आता स्कीअर पडतो तो क्षण. धावताना जेट बोट पाण्यावर अलगद असते, वीतभर पाणी तिला पुरतं. थांबली की खाली बसते. पडलेल्याला आणायला चालक वळतो, वेग कमी करतो, आणि ज्या ओंडक्यावरून मघाशी सुखरूप गेला त्याच्यावरच जाऊन टेकतो. सैल झालेली दोरी तेवढ्यात तळाखाली येते. बहुतेक लहान जेटमध्ये इंजिन चालू तोवर इम्पेलर फिरतच असतो. मागची झडप फक्त झोत अडवते. दोरी जाळीतून आत गेली, की इम्पेलरच्या दांड्याला पीळ बसतो, आणि नदीच्या मधोमध इंजिन बंद करून पालथं पडून ती कापत बसावं लागतं. चाकू हाताशी हवा. लांब केस, जॅकेटचे पट्टे यांनाही तोच धोका. माणूस बोटीजवळ आला की इंजिन बंद, यात तडजोड नाही. झोताच्या तोंडामागे पाण्यात कुणी असू नये; त्या दाबाने शरीराच्या आत इजा होऊ शकते, म्हणून कंपन्या वेटसूटची विजार घालायला सांगतात. तरीही पडलेल्या माणसाभोवती उघडा पंखा गरगरत नाही, हा जेटचा खरा आणि मोठा फायदा. माझ्या मते जेट घ्यायची ती याच्यासाठी, ओंडक्यांसाठी नव्हे.

एचुकाजवळ ‘सदर्न 80’ नावाची शर्यत होते. टॉरंबेरीपासून एचुकापर्यंत 80 किलोमीटर, एका बोटीमागे दोन स्कीअर, वेग ताशी शंभराच्या कितीतरी वर. या बोटी बहुतांश पंख्याच्या असतात! मग ओंडके? टॉरंबेरीला बंधारा आहे, त्याचं साठलेलं पाणी एचुकापर्यंत पोचतं, म्हणून त्या पट्ट्यात खोली बरीच स्थिर असते, आणि शर्यतीआधी मार्ग तपासला जातो. त्या लोकांनी बोटीच्या आधी पाणी निवडलं. यारावोंगाच्या बंधाऱ्यामागे 1939मध्ये झालेल्या मुलवाला तलावात मेलेल्या रेड गमचे सांगाडे आजही पाण्याबाहेर उभे आहेत. तिथेही स्कीइंग चालतं, पण खुणा केलेल्या मोकळ्या पट्ट्यांत.

बंधाऱ्यापासून दूरच्या वाहत्या पात्रात गोष्ट वेगळी. ह्यूम धरणातून शेतीसाठी सोडलेलं पाणी कमी-जास्त होतं, आणि काल दोन हात खाली असलेली फांदी आज वीतभर खाली येते. 2022च्या ऑक्टोबरसारखा पूर आला, की नवी झाडं पात्रात पडतात आणि जुना नकाशा बाद. या भागात मरेचं पात्र न्यू साउथ वेल्समध्ये मोडतं, त्यामुळे तिथले नियम लागू होतात : दहा नॉटच्या वर परवाना, बोटीत मागे लक्ष ठेवणारा वेगळा माणूस, स्कीअरला जीवरक्षक जॅकेट, सूर्यास्तानंतर स्कीइंग बंद. ओंडका कुठे आहे हे मात्र कुठलाच नियम सांगत नाही.

तेव्हा बंधाऱ्यामागच्या खोल पाण्यातच स्की करणार असाल, तर लहान फायबरग्लास जेट घ्यायला हरकत नाही. मुलांसाठी ती उत्तम. वाहत्या, लाकडांच्या पट्ट्यात तंबू ठोकणार असाल, तर अॅल्युमिनियमची, मोठ्या पंपाची जुनी बोट घ्या आणि वाचलेल्या पैशांतून खोली मोजणारं यंत्र बसवा. आउटबोर्ड जेट स्कीसाठी घेऊ नका. आणि बोट कुठलीही असो, दोरी बांधण्याआधी त्याच सकाळी पूर्ण पट्टा सावकाश, एकदा वर आणि एकदा खाली, रिकाम्या दोरीने फिरून घ्या. जिथे पोहत जायला तुम्ही स्वतः तयार नाही, तिथून मुलाला ओढू नका.