पाचोळ्याखालचा संसार

हुगळीच्या पूर्वतीरावरील बजबज हे गाव तेलाच्या टाक्या व तागाच्या गिरण्या यांमुळे प्रसिद्ध आहे. त्याच्या घरांमागील केळी-आंब्यांच्या परसबागांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पौषात अशी बाग झाडून लख्ख केली आणि पाचोळ्यास काडी लावली, म्हणजे एक अवघी वस्ती जळते.

थंड देशांत हिवाळ्यात बाग झाडू नये असे सांगतात, ते हिमामुळे. बंगालात हिम नाही; येथील हिवाळ्याचे संकट कोरडेपणाचे होय. नोव्हेंबरनंतर पाऊस जवळजवळ थांबतो. तेव्हा पाचोळ्याखालील मातीच काय ती ओलसर राहते. तीत गोगलगायी व वाणी तग धरतात, भेक दडून बसतो. वाळक्या काटकीवर खंडोबाच्या किड्याची अंडी फेसासारख्या कोषात चिकटलेली असतात. पोकळ बांबूत भुंग्याचे घर असते. नारिंगी डोक्याचा कस्तूर पाने उलथून किडे वेचतो. सारवलेल्या अंगणात त्यास काय मिळणार?

याच दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात नरेंद्रपूरजवळ ‘कयालेर बागान’ नावाची जुनी आमराई आहे. तिच्या दाट झाडीस १९८२ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे तिला शिल्पकार चिंतामणी कर यांचे नाव देण्यात आले.

सापांची भीती अनाठायी नव्हे. म्हणून दारापुढे झाडावे, पाणी साठविणाऱ्या करवंट्या व डबे काढून टाकावेत. पाचोळा कुंपणाच्या कडेस, वैशाखी वादळांच्या पहिल्या सरी येईपर्यंत, तसाच राहू द्यावा.