खेळ एक, नावं सत्राशे साठ

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून, लेक जिनिव्हा नावाच्या तळ्याकाठच्या छोट्या गावातून, एक खोका विक्रीला निघाला. वरून लाकडाच्या रेघा छापलेला, आत तीन बारक्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. पहिली खेप १,००० खोक्यांची, तीही घरात बसून हातानं जुळवलेली. लेखक दोन. एक गॅरी गायगॅक्स. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर हे गृहस्थ बूट दुरुस्त करून संसार चालवत होते. दुसरे शेजारच्या मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन. झाकणावर नाव होतं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याखाली, आत काय आहे याचा लांबलचक खुलासा: कागद, पेन्सिल आणि चिमुकले पुतळे घेऊन खेळायच्या मध्ययुगीन, अद्भुत युद्धमोहिमांचे नियम.

आज जगभर ज्याला ‘रोलप्लेइंग गेम’ म्हणतात, त्यातला हा पहिला विकाऊ खेळ. पण झाकणावर ‘रोलप्लेइंग’ हा शब्दच नाही. आपण एक युद्धखेळ विकतोय, अशीच करणाऱ्यांची समजूत होती. आपण नक्की काय जन्माला घातलंय याचा पत्ता लागायला आणि त्याला सर्वमान्य नाव मिळायला पुढची काही वर्षं गेली. खरं तर नावाचं भांडण अजूनही मिटलेलं नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण खेळ चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. मग बोलणं सुरू होतं.

‘गुहेच्या तोंडाशी कुजका वास येतोय. आत काहीतरी सरपटतंय.’

‘मी मशाल विझवते आणि भिंत धरून आत शिरते.’

‘अंधारात? बरं. टाक फासा.’

वीस बाजूंचा फासा घरंगळत जाऊन चहाच्या कपाला अडतो. चार.

‘पायाखालचा दगड निसटला. सरपटणं थांबलंय. तू आलीस हे त्याला कळलंय.’

एवढंच. सोंगट्या असल्या तर असल्या, नसल्या तर नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, रात्र झाली की गोष्ट अर्धवट सोडून सगळे घरी जातात आणि पुढच्या आठवड्यात तिथूनच उचलतात. काही टेबलांवर एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते.

या प्रकाराला माणसांनी दिलेलं पहिलं नाव एका गावाचं होतं, आणि ते गाव अस्तित्वातच नव्हतं. १९६९ साली मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरात शिशाच्या सैनिकांवर लढाया खेळणाऱ्या मंडळींचा एक क्लब होता. त्यातल्या डेव्हिड वेसली यांनी नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. ठिकाण, ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव. नेहमी दोन सेनापती असत. वेसलींनी उरलेल्यांनाही कामं वाटली. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. झालं, लढाई राहिली बाजूला. माणसं कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुजायला लागली, एकमेकांचे काटे काढायचे बेत शिजले. दोघं तर येऊन म्हणाले, आम्हाला द्वंद्वयुद्ध करायचंय. नियमांत द्वंद्वयुद्ध नव्हतंच. वेसलींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सैन्य समोरासमोर आलंच नाही. आपला डाव साफ फसला, असं वाटून वेसली खट्टू झाले. क्लबातली मंडळी मात्र विचारत राहिली, पुढचं ब्राउनश्टाइन कधी?

मग दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या काल्पनिक देशात डाव मांडला तरी त्याचं नाव ब्राउनश्टाइनच. १९७१ मध्ये आर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ या नव्या डावाची सूचना काढली, तीत त्यांनी त्याचं वर्णन ‘मध्ययुगीन ब्राउनश्टाइन’ असं केलं. याच ब्लॅकमूरमधून, गायगॅक्स यांच्या हातून जाऊन, तो १० डॉलरचा खोका तयार झाला. त्याचंही कच्चं नाव नुसतं ‘द फँटसी गेम’ होतं. गायगॅक्स सांगत की त्यांनी शब्दांच्या जोड्यांची यादी केली, घरच्यांना आणि खेळगड्यांना दाखवली, आणि धाकट्या मुलीनं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वर बोट ठेवलं. बाजाराचा अभ्यास वगैरे काही नाही. आणि तरी त्या ‘अँड’नं एक घराणंच सुरू केलं: टनल्स अँड ट्रोल्स, बनीज अँड बरोज, शिव्हलरी अँड सॉर्सरी, व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज. स्वीडनमध्ये १९८२ साली निघालेल्या खेळाचं नावही ‘ड्राकार ओक देमोनेर’, म्हणजे ड्रॅगन आणि राक्षस.

यातलं ‘टनल्स अँड ट्रोल्स’ महत्त्वाचं. फिनिक्स शहरातले ग्रंथपाल केन सेंट आंद्रे यांना मूळ खोक्यातले नियम किचकट वाटले, म्हणून १९७५ साली त्यांनी स्वतःचे सुटसुटीत नियम लिहिले. आता जाहिरातीत लिहायचं काय? ‘डीअँडडीसारखा’, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा, खेळ म्हणावं तर गायगॅक्स यांची टीएसआर कंपनी डोळे वटारत होती. ‘युद्धखेळ’ म्हणावं तर युद्ध कुठाय? मानसोपचारात आणि नोकरीच्या प्रशिक्षणात ‘रोलप्लेइंग’ हा शब्द आधीपासून होता. तो उचलला गेला, त्याच्या आधी ‘फँटसी’ चिकटलं आणि पाहता पाहता रुळला. १९७६ मध्ये टीएसआरनंच ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ या अवकाशयानातल्या खेळावर ‘रोलप्लेइंग गेम’ असं छापलं. या शब्दाच्या जन्मकळांवर जॉन पीटरसन यांनी ‘द इल्युसिव्ह शिफ्ट’ (२०२०) हे अख्खं पुस्तक लिहिलंय. ते वाचताना जाणवतं की तेव्हाचे खेळाडू नावापेक्षा एका वेगळ्याच प्रश्नावर हातघाईला येत: आपण डाव जिंकायला बसलोय की पात्र जगायला?

म्हणजे या खेळाचं सर्वमान्य नाव तरी निम्मं वकिलांच्या धाकानं ठरलं. तो धाक पुढेही सुटला नाही. टोल्कीन यांच्या कादंबऱ्यांचे हक्क सांभाळणाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास दम भरल्यावर नियमपुस्तिकांतले ‘हॉबिट’ एका रात्रीत ‘हाफलिंग’ झाले, ‘एन्ट’ झाले ‘ट्रीअंट’. त्याच वर्षी ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघालं. नावातला तो ‘अॅडव्हान्स्ड’ साधा नव्हता. हा निराळाच खेळ आहे, सबब आर्नेसन यांना त्यावर मानधन लागू होत नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. आर्नेसन कोर्टात गेले. १९८१ मध्ये तडजोड झाली. टेबलावर मात्र दोन्ही खेळांचे नियम एकमेकांत बिनदिक्कत मिसळले जात आणि दोन्हींना एकच नाव होतं.

खेळ चालवणाऱ्याच्या हुद्द्याची तर वेगळीच कथा. १९७४ च्या पुस्तिकांत त्याला ‘रेफरी’ म्हटलंय, युद्धखेळातल्या पंचासारखं. ‘डंजन मास्टर’, म्हणजेच ‘डीएम’, हे नाव नंतर रुळलं आणि कंपनीनं ते असं काही आपलंसं केलं की १९७९ मध्ये ‘डंजन मास्टर्स गाइड’ नावाचा जाडजूड ग्रंथच आला. मग इतरांना वेगळी नावं शोधणं आलं. बहुतेकांनी ‘गेम मास्टर’ घेतलं. ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या भयकथांच्या खेळात तो ‘कीपर’ झाला, गुप्त विद्येचा रखवालदार. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ (१९९१) मध्ये ‘स्टोरीटेलर’, आणि मोहिमेऐवजी ‘क्रॉनिकल’. ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) तो झाला ‘एमसी’, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये माइक धरून उभा असतो तसा. पंच, मालक, रखवालदार, कथेकरी, सूत्रसंचालक: हुद्दा ऐकला की त्या टेबलावर कोणाचा शब्द चालणार आणि कितपत, याचा अंदाज येतो. खेळाच्या नावापेक्षा मला हाच धागा जास्त बोलका वाटतो.

मग आले संगणक, आणि ‘आरपीजी’ ही अक्षरं पळवून घेऊन गेले. जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) हा व्हिडिओ गेम घराघरांत पोचल्यावर ‘आरपीजी’ म्हणजे टीव्हीसमोर एकट्यानं खेळायचा खेळ, हेच समीकरण झालं. टेबलवाल्यांनी आपल्यासाठी ‘टेबल-टॉक आरपीजी’ असं नाव घडवलं. गप्पा मारत खेळायचा तो. इतक्या नावांत नेमकं वर्णन कोणी केलं असेल तर जपान्यांनी, असं माझं मत. तिथे एका बैठकीला ‘ताकु’, म्हणजे टेबल, असंच म्हणतात. चिनी खेळाडू ‘पाओत्वान’ म्हणतात: गट चालवणं. त्यात खेळ नाही, पात्र नाही, आहे ती फक्त जमलेली माणसं. जर्मनांनी ‘पेन अँड पेपर’ हे इंग्रजी शब्द घेऊन आपलं नाव केलं. स्पेनमध्ये नुसतं ‘रोल’. ब्राझीलचा मामला उलटा. तिथे नुसतं ‘आरपीजी’ म्हटलं तरी टेबलाचा खेळ डोळ्यांसमोर येतो. इंग्रजीत मागाहून ‘टेबलटॉप’ जोडून ‘टीटीआरपीजी’ अशी पाच अक्षरांची आगगाडी तयार झाली. आणि ती रुळावर येते न येते तोच खेळणारे व्हिडिओ कॉलवर गेले. कोविडच्या टाळेबंदीत तर असंख्य गटांकडे टेबल तेवढं नव्हतं.

काही नावं भीतीपोटी बदलली. १९८० च्या दशकात अमेरिकेत हा खेळ सैतानाच्या पूजेला नेतो अशी ओरड झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत टीएसआरनं ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द काढून टाकले, आणि नंतर तीच भुतं ‘तनारी’ आणि ‘बातेझू’ अशी दात पडतील अशी नावं घेऊन परतली. टेबलांवर लोक त्यांना डेमनच म्हणत राहिले. स्पेनमध्ये १९९४ साली माद्रिदमधल्या एका खुनाला वर्तमानपत्रांनी ‘रोलचा खून’ असं नाव दिलं आणि शाळाकॉलेजातल्या साध्यासुध्या खेळाडूंना पुढे बरीच वर्षं आईवडिलांना समजावत बसावं लागलं.

कंपन्या आणि कोर्टं काहीही म्हणोत, टेबलाभोवती बसणारे गट स्वतः काय म्हणतात? बहुतेक ठिकाणी, पुण्या-मुंबईतल्या गटांतसुद्धा, एकच शब्द ऐकू येतो: डीअँडडी. मग समोर कुठलेही नियम असोत. कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसा हा प्रकार. २०१६ च्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेनं त्याला आणखी बळ दिलं. तिच्या सुरुवातीलाच तळघरात चार पोरं हाच खेळ मांडून बसलेली दिसतात. गंमत म्हणजे जे नाव सगळे फुकट वापरतात ते छापायला मात्र मिळत नाही. टीएसआर १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टनं घेतली, १९९९ मध्ये त्या कंपनीला हॅस्ब्रोनं घेतलं. २००० साली नियम इतरांना वापरायला खुले झाले, नाव नाही. त्यामुळे छोट्या प्रकाशकांच्या मुखपृष्ठांवर ‘जगातल्या सर्वांत लोकप्रिय रोलप्लेइंग खेळासाठी’ असा उखाणा छापलेला असतो. नाव न घेता नाव घ्यायचं.

छोटे खेळ करणारे आणि खेळणारे या ‘डीअँडडी’वर चिडतात, आणि एका बाबतीत त्यांचं मला पटतं. ‘ड्रेड’मध्ये फासेच नाहीत, ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा ओढायचा, मनोरा कोसळला की तुमचं पात्र गेलं. ‘फिआस्को’मध्ये (२००९) खेळ चालवणाराच नाही. ‘अॅलिस इज मिसिंग’ (२०२०) तर तोंडातून शब्द न काढता, फोनवर एकमेकांना मेसेज पाठवून खेळतात. हरवलेल्या मैत्रिणीच्या शोधात दीड तास गप्प बसलेल्या पाच जणांना ‘डीअँडडी खेळताय का?’ विचारणं जरा अतीच. नवख्या माणसाला ‘डीअँडडी’ सांगून बोलावलं की तो तलवार परजूनच येतो, आणि समोर ड्रॅगन नसेल तर हिरमुसतो.

आतल्या आत मात्र कोणी गोंधळत नाही, कारण मुरलेले गट एका शब्दावर भागवतच नाहीत. नियमांचं नाव वेगळं घेतात आणि गोष्टीचं वेगळं. नियम म्हणजे ‘फाइव्ह-ई’, २०१४ ची पाचवी आवृत्ती. ‘पाथफाइंडर’ हा खेळ (२००९) आला तेव्हा तो डीअँडडीच्या साडेतिनाव्या आवृत्तीवरच बेतलेला असल्यामुळे खेळाडूंनी त्याचं बारसं ‘पावणेचार’ असं करून टाकलं. गोष्टीचं नाव बहुधा छापील मोहिमेवरून पडतं. ‘कर्स ऑफ स्ट्राड’ खेळणारे ‘आम्ही स्ट्राड करतोय’ म्हणतात. बाकी फोनवरच्या ग्रुपवर पाहावं तर ‘शनिवारचा गेम’ किंवा ज्याच्या घरी जमायचं त्याचं नाव.

तेव्हा अशा टेबलाशी जाऊन बसायची वेळ आली तर ‘काय खेळताय?’ एवढ्यावर थांबू नका. नियम कुठले आणि गोष्ट कुठली, हे दोन्ही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पाचही जण एकदम तोंड उघडतील, तेव्हा खुर्ची जरा मागे सरकवून ऐकायच्या तयारीनं बसा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा फक्त खेळ चालवणाऱ्यालाच माहीत असतं.