उतारावरची भिंत आणि तिच्यामागचे पाणी

वेसाव्याहून तरीने मढला उतरा, किंवा मालाडहून मार्वे, आक्सा, एरंगळ अशा रस्त्याने या; एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही इथली जमीन सगळीकडे सपाट नाही. मध्येच एखादी खडकाळ टेकडी वर येते. तिच्या पोटाशी कोणाचे तरी घर असते, आणि घर व टेकडी यांच्यामध्ये कोठे कमरेएवढी, तर कोठे पुरुषभर उंचीची दगडी भिंत असते. कुंपण समजून आपण तिच्यावरून नजर फिरवतो आणि पुढे जातो. पण कुंपणाला मागून कोणी ढकलत नसतं. या भिंतीला बारा महिने, रात्रंदिवस टेकडीचा रेटा असतो. तिला आधारभिंत म्हणतात. कोकणात हेच काम बिनचुन्याचा गडगा करतो, देशावर पौळ करते.

आता हा रेटा येतो कोठून? खळ्यावर धान्याची रास घातलेली तुम्ही पाहिली आहे. पाटी ओतली की धान्य घरंगळते, आणि एका ठरावीक उतारावर येऊन थांबते. आणखी ओता, रास मोठी होते, पण उतार तोच राहतो. कोरड्या वाळूचा हा उतार तीस ते पस्तीस अंशांच्या आसपास असतो. मातीचा, मुरमाचा, दगडगोट्यांचा आपापला निराळा. घर बांधण्यासाठी आपण टेकडीचे पोट उभे कापतो, तेव्हा हा स्वाभाविक उतार मोडतो. वरची पाचरीच्या आकाराची माती घसरून आपला उतार परत मिळवू पाहते. त्या पाचरीला अडवून धरणे, एवढेच भिंतीचे काम.

शिक्षकबंधूंना आकडे आवडतात, म्हणून थोडे गणित करू. भिंत दोन मीटर उंच आहे आणि मागे साधी कोरडी माती आहे असे धरा. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर मातीचा रेटा सुमारे बाराशे किलो भरतो. भिंत चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बांधलेली, तळाशी एक मीटर आणि माथ्याशी अर्धा मीटर रुंद असेल, तर तिचे स्वतःचे वजन मीटरमागे सव्वातीन टनांच्या घरात जाते. तळाशी होणारे घर्षण वजनाच्या निम्मे धरले, तर सोळा-सतराशे किलोंचा रेटा ती घसरल्याशिवाय सोसेल. बाराशेला सोळाशे पुरे आहेत. भिंत उभी राहील.

आता त्याच मातीत पाणी भरू द्या, माथ्यापर्यंत. पाण्याला उतार नसतो. ते सपाट होईपर्यंत ढकलतच राहते. माती आणि पाणी यांचा मिळून रेटा आता सव्वीसशे किलोंवर जातो. भिंत तीच, दगड तेच, गवंडीही तोच. पण सोळाशेची ताकद सव्वीसशेपुढे टिकत नाही. त्यात तळाची माती भिजली की घर्षणही कमी होते. आणखी एक हिशेब मनात ठेवा. भिंतीची उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवण्याचा जोर आठपट. दीड मीटरची भिंत बांधणारा गवंडी तीन मीटरची भिंत त्याच अंदाजाने बांधू लागला, तर त्याला थांबवा.

थोडक्यात सांगायचे, तर भिंती बहुधा मातीने पडत नाहीत, पाण्याने पडतात. आणि आपल्या भागात पाणी काही थोडे नाही. मुंबईच्या उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो पुष्कळदा सगळा एकदम आल्यासारखा येतो. २ जुलै २०१९ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर नोंदला गेला. एका गुंठ्यावर हा पाऊस म्हणजे जवळजवळ अडतीस हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पावणेचार टँकर! टेकडीच्या उतारावर असे गुंठे किती असतात ते तुम्हीच मोजा.

त्याच रात्री मालाड पूर्वेला कुरारच्या वरच्या अंगाला पालिकेच्या जलाशयाची लांबलचक भिंत कोसळली. खाली उतारावर पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगर या वस्त्या होत्या. माणसे झोपेत होती. वरून आलेले पाणी भिंतीमागे तुंबले होते; भिंत फुटली तेव्हा ते दगडविटांसकट घरांवर आले. तीसच्या आसपास माणसे गेली. ही भिंत जागेची हद्द राखण्यासाठी होती. पण उताराला आडवी घातलेली कोणतीही भिंत, तिला तुम्ही कुंपण म्हणा की आणखी काही, पाऊस आला की धरण होते. आणि धरणाला सांडवा ठेवतात, हे आपण चौथीच्या मुलाला शिकवतो. पुढे १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरला भारतनगरात पुन्हा तेच झाले. डोंगरउतारावरची भिंत खालच्या घरांवर आली. हा प्रश्न झोपडीवाल्यांचाच आहे असेही समजू नका. ५ ऑगस्ट २०२० च्या पावसात मलबार हिलवरचा उतार आणि त्याची भिंतही ढासळली होती.

यात मी स्वतः शहाणा ठरलो असतो, तर मला हे लिहिण्याचा अधिक अधिकार असता. मढला आमच्या घरामागे आजोबांच्या वेळचा गडगा होता. नुसते दगड एकावर एक रचलेले, मधल्या फटींत कपच्या ठोकलेल्या. फटींतून साप निघत, पावसाळाभर पाणी झिरपत राही आणि अंगणात चिखल होई. एका मे महिन्यात मी गवंडी बोलावला आणि सगळ्या फटी सिमेंटने लिंपून घ्यायला सांगितले. मामा वयाने मोठे होते. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "सर, ह्यातून पाणी जातंय म्हणून हा उभा आहे. निदान खाली चार पाइप तरी टाकू." मला वाटले, पाइप टाकले तर चिखल पुन्हा होणारच, मग खर्च कशाला? मी नको म्हटले. दिवसा वर्गात द्रवाचा दाब शिकवणारा मनुष्य संध्याकाळी असे बोलतो! जुलैत गडग्याला मध्यभागी पोट आले. पंधरा दिवसांत तो आठ हात लांबीचा भाग अंगणात येऊन पडला. त्या वेळी अंगणात कोणी नव्हते, एवढेच आमचे नशीब.

नंतर मामांनीच तो पुन्हा बांधला, आणि मी या वेळी शेजारी बसून पाहिले. ते काम कसे झाले ते सांगतो, कारण पुस्तकातल्या नियमांहून ते ध्यानात राहते.

आधी खालची भुसभुशीत माती काढून घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया खणला. पायाचा तळ सपाट ठेवला नाही. टेकडीच्या बाजूला किंचित खोल घेतला, म्हणजे भिंत मागे रेलून बसते. दर्शनी बाजूही ओळंब्यात सरळ नेली नाही. सात-आठ हाती एक हात या हिशेबाने ती टेकडीकडे झुकती नेली. मोठे दगड तळाला. दर एका हातावर एक लांब दगड असा बसवला की त्याची शेपटी पार मागच्या भरावात जाईल. हा दगड पुढची आणि मागची बाजू एकत्र शिवतो. दगडाची लांब बाजू दिसायला सुरेख दिसते म्हणून ती दर्शनी ठेवण्याचा मोह नव्या गवंड्याला होतो. तशी भिंत म्हणजे नुसती पापुद्र्यांची रचना.

पण खरे काम भिंतीच्या मागे होते, जे आता कोणाला दिसत नाही. भिंत आणि टेकडीची माती यांच्यामध्ये हातभर रुंदीचा थर निव्वळ दगडगोट्यांचा आणि खडीचा भरला. त्यात माती नाही, राडारोडाही नाही. वरून मुरणारे पाणी या थरातून सरळ खाली उतरते. तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दर सव्वा मीटरला तीन इंची पाइप घातले, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. इंजिनियर मंडळी यांना वीप होल म्हणतात, मामा नुसतं 'नाकपुडी' म्हणायचे. पाइपाच्या मागच्या तोंडाशी मोठी खडी ठेवली, नाही तर माती वाहून येऊन ते बुजते. भिंतीच्या माथ्यावर शेवटचा वीतभर थर चिकण मातीचा दाबून घेतला, आणि त्याच्या वरच्या अंगाला एक चर खणला, की टेकडीवरून धावत येणारे पाणी भिंतीमागे न शिरता बाजूने निघून जावे. खाली अंगणात नाली केली. चिखल संपला. आधीच शंभर रुपयांच्या कामात दहा रुपयांची नाली केली असती, तर गडगाही वाचला असता.

उंची जास्त हवी असेल, तर तीन मीटरच्या एका भिंतीऐवजी दीड-दीड मीटरच्या दोन बांधा, पायरीसारख्या. मात्र वरची भिंत खालच्या भिंतीच्या डोक्यावर नको. खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मागे सरकून ती हवी, नाही तर वरचीचा भार खालचीवरच येतो. मधल्या पट्टीत वाळा लावा. त्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटरपर्यंत जातात आणि माती शिवून ठेवतात. भिंतीला लागून वड-पिंपळाचे रोप उगवले, तर ते मात्र लहानपणीच काढा. पुरुषभर उंचीच्या पुढची भिंत, किंवा जिच्या माथ्यावर घर, टाकी वा रस्ता आहे अशी भिंत, इंजिनियरच्या नकाशावाचून बांधू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भिंत मातीची एक पाचर अडवते; ती डोंगर अडवत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, या ठिकाणी डोंगराचा कडाच खाली आला. तिथे कितीही जाड आधारभिंत असती, तरी ती वाहून गेली असती. अशा जागी वस्ती हलवणे हाच उपाय, आणि तो दुःखाचा आहे हे मी जाणतो.

शाळेत हे दाखवायला खर्च लागत नाही. एक लाकडी खोके घ्या आणि त्याची पुढची फळी काढा. तिच्या जागी जाड पुठ्ठा उभा करून कडांना मेण लावा, मागे वाळू भरा, आणि झारीने हळूहळू पाणी घाला. थोड्या वेळात पुठ्ठ्याला पोट येते आणि तो सुटतो. दुसऱ्या खेपेला पुठ्ठ्याच्या तळाशी पेन्सिलीने पाच-सहा भोके पाडा, मागे आधी बारीक खडीचा थर द्या, मग वाळू. तेवढेच पाणी घाला. भोकांतून धारा लागतील आणि पुठ्ठा जागेवर राहील. मुलांना घरी जाऊन आपापल्या भिंतीची भोके मोजून आणायला सांगा. माझ्या एका वर्गात बावीस मुलांपैकी नऊ जणांनी लिहून आणले: भोके नाहीत.

भोके असली, तरी ती जिवंत हवीत. मे महिन्याच्या शेवटी लोखंडी सळईने प्रत्येक भोक साफ करा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर या आणि पाहा. सगळ्या भोकांतून पाणी येत असेल, तर ठीक आहे. एकातून येते आणि शेजारचे कोरडे, तर ते बुजले आहे. आधी स्वच्छ येणारे पाणी गढूळ येऊ लागले, तर मागची माती वाहते आहे. भिंतीला पोट आले, आडवी चीर गेली, माथ्यामागच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग पडली, वरचे झाड किंवा विजेचा खांब कलला, तर त्या रात्री भिंतीच्या बाजूच्या खोलीत झोपू नका. भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. वर मोठा उतार असेल, तर घरच सोडा. मुंबईत १९१६ वर आणि इतर जिल्ह्यांत १०७७ वर कळवा.

पुष्कळदा भिंत आपली नसते; वरच्या सोसायटीची, संस्थेची किंवा सरकारची असते, आणि आपण नुसते तिच्या खाली राहतो. तिला हात लावण्याचा आपल्याला अधिकार नसतो, पण खालून ती आपल्यालाच दिसते. मे महिन्यात चार शेजारी मिळून भोकांची मोजणी करा, कोणती बुजली ते तारखेसह कागदावर लिहा, जमले तर फोटो काढा, आणि तो अर्ज वॉर्ड कचेरीत किंवा ग्रामपंचायतीत देऊन पोचपावती घ्या. अर्ज तोंडी करू नका. पावसाळा सुरू झाल्यावर तोंडी सांगितलेले कोणाला आठवत नाही.